विषय: नेपाळला पैसे पाठवायला नकार आणि वर मिळालेली वागणूक

मा. विभागीय व्यवस्थापक,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लिहायला बसले. फोन ठेवायच्या आत मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कोणी सोडवली, काय सोडवलं? माझे पैसे अजून ठाण्यातच आहेत.

आम्ही दोघं पोखऱ्याला राहायला जातोय. फेवा तलावाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या ठरवल्यात, भाडं २५,००० नेपाळी रुपये म्हणजे आपले १५,६२५. आपले १०० म्हणजे त्यांचे १६० हा भाव १९९३ पासून तोच आहे, म्हणून तर पेन्शनवाल्या माणसाला तिथला महिन्याचा हिशेब आधी मांडता येतो. मानपाड्याला एवढ्यात वन आरके मिळतं का बघा. वर घोडबंदर रोडच्या मेट्रोच्या कामाची धूळ, ह्यांचा खोकला हटत नाही. १९५० च्या करारामुळे आपल्याला तिथे राहायला व्हिसा लागत नाही. घर आपल्या नावावर घेता येत नाही, पण आम्हाला घ्यायचंच नाहीये, भाड्याने राहायचंय. सगळं जुळून आलं आणि अडलं ते तुमच्या बँकेत, जिथे माझी पेन्शन जमा होते.

दर महिन्याला घरमालकिणीच्या तिथल्या खात्यात भाडं जायला हवं, बस. दुकानात क्यूआर स्कॅन करून आपलं यूपीआय चालतं आता नेपाळमधे, पण भाडं काय दुकानात भरतात का? ब्रँचने सांगितलं कस्टमर केअरला विचारा, कस्टमर केअर म्हणतं ब्रँचला जा. असं किती दिवस चालायचं?

आजच्या फोनचं मुद्दाम सगळं लिहिते कारण ते रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सांगता, ऐका एकदा. तो मुलगा म्हणाला, "मॅडम नेपाळ फॉरेन आहे, ए-टू फॉर्म भरा, डॉलरमधे जाईल." मी म्हटलं अरे डॉलर कशाला, रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय आहे, एनईएफटीवरूनच चालते, इथून रुपये जातात आणि तिकडे नेपाळी रुपये मिळतात, २०२१ मधे एका वेळची मर्यादा ५० हजारांवरून २ लाख केली. नेपाळमधे जाऊन राहिलेल्या आपल्या माजी सैनिकांना पेन्शन नीट मिळावी हे कारण त्या सर्क्युलरमधेच लिहिलंय. त्याने होल्डवर टाकलं. ती ट्यून वाजतच राहिली, गॅसवरचा चहा उतू गेला. परत आला तो म्हणतो, "मॅडम, असं प्रॉडक्ट आमच्याकडे नाही." म्हटलं सिनियरला द्या. तर म्हणतो, "आजी, घरात दुसरं कोणी असेल तर त्यांच्याकडे फोन द्या ना, मी त्यांना नीट समजावतो."

माझी अख्खी नोकरी ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेली. नियम कोणाला समजावायचा होता आणि कोणाला कळत नव्हता? मी गप्प झाले तर त्याला वाटलं पटलं, पुढे म्हणतो, "या वयात परदेशात कशाला जाता, मुलांसोबत राहिलात तर हा प्रश्नच येणार नाही." मी सल्ला मागितला होता का? मुलांसोबत राहायचं का पोखऱ्याला राहायचं हे आता बँक ठरवणार? ह्यांनी स्पीकरवर ऐकलं सगळं. इतका शांत माणूस, पण ताट सरकवून उठला.

त्या पोराला मी फार दोष देत नाही, त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं ते तो वाचतो. पण तुम्हाला तर माहीत आहे ना ही सोय? एनईएफटी चालणाऱ्या ब्रँचमधून हे पैसे पाठवता येतात हे तुमच्या ब्रँच मॅनेजरला माहीत नसावं? पहिल्या पगारापासून माझं खातं तुमच्याकडे, ह्यांची एफडी तुमच्याकडे, लेकाचं होमलोन तुमच्याकडे, लॉकर पण. कोणी दुसऱ्या बँकेचं नाव काढलं तर मी तुमची बाजू घेऊन भांडायचे. आणि तुम्ही मला म्हणता घरात दुसरं कोणी आहे का.

मला तीन गोष्टी हव्यात. ब्रँचला लेखी सूचना जाऊ दे की हे पैसे घ्यायचे आणि पाठवायचे. 'सोडवण्यात आली' म्हणून बंद केलेली तक्रार परत उघडा. आणि त्या संभाषणाबद्दल माफी, त्या मुलाची नको, तुमची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन, तिथे फी लागत नाही हेही मला माहीत आहे, आणि पेन्शनचं खातं दुसरीकडे हलवीन, एफडीसकट.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक खातेदार,
मानपाडा, ठाणे पश्चिम