परिकल्पना आधी लिहा, मग दुकानात जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भूगोलाच्या क्षेत्रभेटीचे प्रोजेक्ट सुरू झाले की 'खरेदी' हा विषय हमखास येतो, आणि येऊ दे की, दुकानं सगळीकडे असतात, लांब जायला लागत नाही आणि लोकही दोन मिनिटं थांबून बोलतात. माझी तक्रार विषयाबद्दल नाहीये. मी भूगोल शिकवते, फायली तपासते, आणि परिकल्पनेचं, म्हणजे तपासून बघायला आधी मांडलेल्या अंदाजाचं, पान वाचलं की लगेच कळतं की हे पान सगळ्यात शेवटी लिहिलंय. आधी प्रश्नावली भरली, मग ग्राफ काढले, मग ग्राफमध्ये जे दिसलं तेच 'परिकल्पना' म्हणून पुढे नेऊन चिकटवलं, आणि निष्कर्षात 'परिकल्पना सिद्ध झाली'. होणारच ना! निकाल लागल्यावर पैज लावण्यातला प्रकार आहे हा.

दुसरा प्रकार म्हणजे जी चुकूच शकत नाही अशी परिकल्पना. 'लोक वेगवेगळ्या कारणांसाठी खरेदी करतात.' बरं मग? हे खोटं ठरायला काय दिसायला हवं ते सांग असं मुलाला विचारलं की तो गप्प. परिकल्पनेत दोन मोजता येण्यासारख्या गोष्टी पाहिजेत आणि एक वाढली की दुसरीचं काय होईल तेही आधीच सांगितलेलं पाहिजे, एवढं सांगितलं तरी निम्मी मुलं नीट लिहायला लागतात.

उदा. 'साबण, पेन असल्या रोजच्या वस्तूंपेक्षा फर्निचर, टीव्ही यांच्यासाठी लोक जास्त लांबून येतात.' साधं वाक्य आहे पण मागे जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालरचा १९३३ चा केंद्रस्थान सिद्धांत उभा आहे, म्हणजे दुकान टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं आणि एखाद्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब जातो ते. आणि असं वाक्य लिहिलं की पुढचे प्रश्न आपोआप येतात, अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की प्रवासाच्या मिनिटांत, चालत आलेला आणि गाडीने आलेला एकाच रकान्यात टाकायचा का, आणि एखादा पाहुणा दोनशे किलोमीटरवरून आलेला असेल तर सरासरीचं काय होणार (मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा घ्या, सुटेल प्रश्न). हे प्रश्न मुलांना बाहेर पडायच्या आधी पडले तरच प्रश्नावली कामाची होते.

आता सध्याची सगळ्यांची आवडती परिकल्पना, 'ऑनलाइन खरेदीमुळे बाजारातली गर्दी कमी झाली आहे.' खरी असेलही, पण एका दिवसाच्या क्षेत्रभेटीत ती तपासायची कशी? कमी झाली म्हणायला आधीची मोजणी लागते, ती नसते. आणि मुलं प्रश्न कुणाला विचारतात, तर बाजारात आलेल्यांना! जो यायचा बंद झालाय तो तिथे भेटणारच नाही. त्यापेक्षा 'चाळिशीच्या आतले लोक चाळिशीच्या पुढच्यांपेक्षा कपडे ऑनलाइन जास्त घेतात' असं लिहा, घरोघरी विचारा, हो-नाहीचा तक्ता करा, काय-वर्ग चाचणी (दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते बघणारी) लागू होते, फक्त प्रत्येक चौकटीत अपेक्षित संख्या (वयाने काही फरक पडत नसता तर आली असती ती) निदान ५ तरी यायला हवी म्हणजे सात-आठ जणांना विचारून भागणार नाही.

आकडेमोड करणाऱ्या वरच्या वर्गांना तर आधी लिहिण्याचा थेट फरक पडतो. मुख्य चौकापासून लांब जाऊ तशी पादचाऱ्यांची संख्या कमी होते, हे १० ठिकाणी एकाच वेळी मोजून स्पिअरमनचा सहसंबंध (दोन गोष्टींचे क्रम किती जुळतात ते सांगणारा -१ ते +१ मधला आकडा) काढला, तर ५ टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता ५ टक्क्यांच्या वर नको) दिशा न सांगता ०.६४८ लागतो आणि 'कमी होईल' असं आधीच सांगितलं असेल तर ०.५६४ पुरतो (उत्तर ऋण येईल, चिन्ह सोडून बघायचं). म्हणजे उत्तर ०.६ आलेलं बघून मागाहून दिशा लिहिणारा मुलगा चक्क फसवतोय, बिचाऱ्याला माहीतही नसतं.

आणि परिकल्पना चुकली तर मार्क कापायचे हे कुणी ठरवलं? विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडलं की मोठं शहर जास्त लांबून गिऱ्हाईक ओढतं, क्रिस्टालरने तर सगळीकडे सपाट जमीन आणि प्रवास सारखाच सोपा असं धरूनच चालवलं. प्रत्यक्षात मधे नदी येते, रेल्वेलाइन येते, पार्किंग नसतं. मुलाचा अंदाज तिथे आपटला आणि त्याने नकाशावर बोट ठेवून का आपटला ते सांगितलं, तर खरा भूगोल त्यानेच केला. 'सिद्ध झाली' वाल्या गुळगुळीत फाईलपेक्षा मी त्याला जास्त मार्क देते, आणि इतर परीक्षकांनीही द्यावेत अशी विनंती आहे.

शाळांनी एवढंच करावं, परिकल्पनेचं पान तारीख टाकून, शिक्षकांची सही घेऊन मगच मुलांना बाहेर सोडावं. मधेच बदलावीशी वाटली तर जुनी खोडू नका, खाली नवीन तारखेने दुसरी लिहा, चालतं. आणि पालकांनी कृपया ते पान स्वतः सांगून लिहून घेऊ नये, अक्षर मुलाचंच असलं तरी भाषा कुणाची आहे ते आम्हाला पहिल्या ओळीत कळतं.

आपली,
एक भूगोल शिक्षिका