टेबलाखालची वही

सातारा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चांगलीच तापली होतीस. तुमच्याकडं नोंदीसाठी स्कॅनर येऊन चार महिने झाले, तरी स्टोअरमधले थोरले काका टेबलाखाली वही ठेवतात आणि आधी तिच्यात लिहितात. ‘आप्पा, वहीच काढून घेते,’ म्हणालीस. थांब जरा.

एसटीत तिकिटाचं मशीन आलं तेव्हा आमच्या डेपोत ते दुसऱ्यांना शिकवायचं काम माझ्याकडं होतं. तू सहावीत होतीस. जेवणं झाली की मी पुठ्ठ्यावर काढलेली बटणं दाबायचो आणि तू पॅसेंजर होऊन ओरडायचीस, ‘दोन फुल्ल, एक हाफ कोरेगाव!’

एवढं करून पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मीच घसरलो. जादा गाडी, पाय ठेवायला जागा नाही, वर्धनगडचा घाट. मशीन धडधाकट चालू होतं. पण गलका वाढला तसा हात आपसूक अडीअडचणीसाठी ठेवलेल्या जुन्या तिकिटांकडं गेला आणि तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याची टिकटिक सुरू. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या हातात चिमटा. एक पोरगा तोंडावर म्हणाला, ‘मास्तर, सुरुवात तुमचीच की.’ काय बोलणार! तू स्वतः महिनाअखेरीच्या घाईत कुठं नोंद करतेस, ते आधी बघ.

आणि त्या काकांचं. आमच्यातही एक कंडक्टर होते, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेले. मशीनला हात लावीनात. सगळे म्हणायचे, म्हातारा हट्टी. मलाही तसंच वाटायचं. एकदा स्टँडवर चहा पिताना त्यांनी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, हातभर लांब धरलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या तिकिटाला दराप्रमाणं रंग होता. अंगठ्यानं ओढायचं, वाचायची गरजच नाही. मशीनवरचे बारके आकडे त्यांना दिसत नव्हते, आणि पोरांसमोर चष्मा लावायची लाज. मग चारचौघांत शिकवणं बंद केलं. सकाळच्या पहिल्या फेरीला, गाडी रिकामी असताना, दोघंच बसायचो. चष्मा तिसऱ्या दिवशी आपोआप खिशातून बाहेर आला. पुढं तेच म्हणायला लागले, दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला वेबिलावर नंबर उतरवायची कटकट गेली ते बरं झालं. माझ्या दहा भाषणांपेक्षा त्यांचं ते एक वाक्य डेपोत जास्त फिरलं.

पुढं 17 मार्च 2023 ला बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या गर्दीत पेटी-चिमटा घेऊन उभं राहायचं म्हटलं असतं, तर मीच नोकरी सोडली असती!

तेव्हा वही काढून घेऊ नकोस, मागून घे. ‘काका, दाखवा की’ म्हण आणि चार पानं नीट वाच. स्कॅनरमध्ये मावत नाही असं काहीतरी ते तिच्यात लिहीत असणार. काय निघतंय ते रविवारी फोनवर सांग. आई म्हणते, दुपारी कर, सकाळी तिला बाजारात जायचंय.

तुझा,
आप्पा