विकत घेतलेल्या ॲपला पुन्हा वर्गणी का?

एकदाच पैसे मोजून घेतलेले कॅलेंडर ॲप आता दरवर्षी वर्गणी मागू लागले आहे. आमच्या तासगाव भागात द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतात. कधी कोणती फवारणी केली, काढणीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचे, हे सारे अनेकांनी या ॲपमध्ये नोंदवले आहे. निर्यातीच्या मालाला तर फवारणीच्या नोंदी लागतातच. नव्या सोयींचे पैसे जरूर घ्यावेत, ॲप चालवायलाही खर्च येतो. पण आधी विकलेल्या सोयींना ऐन हंगामात कुलूप लावणे ही उघड अडवणूक आहे. जुन्या ग्राहकांना त्या सोयी तशाच मिळाव्यात. तोवर बागायतदारांनी आपल्या नोंदी आयसीएस फाइलमध्ये, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी साठवणाऱ्या फाइलमध्ये, उतरवून घ्याव्यात. ती बहुतेक कॅलेंडर ॲपमध्ये चालते.

– एक द्राक्षबागायतदार, तासगाव (जि. सांगली)