तुझी ट्रंक आणि नॉरिचचा बिशप

प्रिय बंड्या,

इतके महिने गप्प होतो, तुझ्या शिव्या पोचल्या असं धरून चालतो. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, आईची साखर आटोक्यात आहे.

धाकटी इंग्लंडात नॉरिचला शिकतेय, तिच्याकडे जाऊन आलो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये 1406 साली वारलेला एक बिशप मानगुटीवर बसला, तो उतरत नाही. हेन्री डिस्पेन्सर. बड्या सरदार घराण्यातला. आजोबांना 1326 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली हाल हाल करून मारलेलं. हा धाकटा म्हणून धर्मखात्यात गेला, पण इटलीत पोपसाठी तलवार चालवली आणि 1370 मध्ये बिशप झाला. लिन गावात मानाचा दंड माझ्यापुढेच चालवा म्हणून अडून बसला, तर लोकांनी बदडून जखमी केला. आपल्या गल्लीतली विसर्जनाची मारामारी बरी म्हणायची!

पुढचं नीट वाच. 1381 मध्ये शेतकरी-कारागिरांचं बंड झालं. हा मूठभर स्वार घेऊन निघाला आणि नॉर्थ वॉल्शमला बंडखोरांना चिरडलं. त्यांचा पुढारी जेफ्री लिट्स्टर, कापड रंगवणारा रंगारी. त्याला मृत्युदंड बिशपनेच फर्मावला, पापांची कबुलीही त्यानेच ऐकली. आणि वधस्तंभाकडे फरफटत नेताना लिट्स्टरचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून हा बाजूने चालत ते हाताने उचलून धरत होता. वॉल्सिंगहॅम नावाच्या साधू बखरकाराने हे दयेचं काम म्हणून लिहून ठेवलंय.

तुला हॉस्टेलमधून काढलं तेव्हा रेक्टरनी तुझी ट्रंक स्वतः एसटी स्टँडपर्यंत नेली होती. मी म्हटलं, माणूस मनाने चांगला. तू म्हणालास, "मग काढायचं नव्हतं." त्यावरून आपण वर्षभर बोललो नाही. (माझी वीस रुपयांची उधारी त्यातच बुडाली, ती मी विसरलेलो नाही.)

आता माझी पाळी आलीय. आमचं सेक्शन बंद होतंय, सोमवारी पत्रं वाटायची आहेत आणि वाटणार मी. काहीजण माझ्याबरोबर लागलेले, एकाच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय. वरचे म्हणतात, मेल टाका, विषय संपवा. मला वाटतं घरी जावं, चहा घ्यावा, समोर बसून सांगावं. पण मग तो हात डोळ्यांपुढे येतो. तो त्या रंगाऱ्यासाठी होता की बिशपला रात्री झोप लागावी म्हणून? लिट्स्टरला काय वाटलं, ते कुणी लिहिलं नाही. ही म्हणते, तू फार विचार करतोस, गॅस बंद केलास का?

बिशपचं पुढे हसंच झालं. तेव्हा एकाच वेळी दोन पोप होते. 1383 मध्ये हा एका पोपच्या वतीने दुसऱ्या पोपच्या लोकांशी धर्मयुद्ध करायला फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडे) गेला आणि वेढा घातला तिथल्या ईप्र शहराला, जिथले लोक याच्याच पोपला मानणारे! दोन महिने डोकं आपटून परतला, पार्लमेंटने खटला भरून जहागिरी जप्त केली. 1385 मध्ये परत मिळाली म्हणा. अशांची मिळतेच.

तर तू सांग. ट्रंक तुझी होती. त्यांनी ती उचलली नसती, शिपायाकडून बाहेर ठेवली असती, तर तुला बरं वाटलं असतं का? खरं सांग, भांडायला नंतर ये.

तुझा स्लॅब पडला का? चिरंजीवांच्या ऍडमिशनचं काय झालं? वहिनींना सांग, मेतकूट पोचलं, डबा पाठवतो. सोमवारच्या आत फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझा,
दिग्या