पदके उरली, आठवणी निसटल्या

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांवर भारतीय सैनिक लढले, आणि त्यांत सातारा, कोल्हापूर, कोकणातली असंख्य घरे होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकले व तेथेच ते धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले, रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळाही आहे. परंतु ज्यांना मोठे पदक मिळाले नाही, त्यांचे काय?

माझे आजोबा याच आघाडीवर होते. त्यांची पदके ट्रंकेत, बायकोच्या लुगड्याच्या घडीत ठेवलेली असत. लढाईविषयी ते बोलत नसत; मात्र इटलीतल्या चिखलाची आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी दिलेल्या द्राक्षांची गोष्ट आजीला तोंडपाठ होती. ते साम्राज्यासाठी लढले, म्हणून स्वातंत्र्यानंतर त्यांची आठवण काढणे अवघड वाटले असावे, हे मी समजू शकतो. तरी पगारासाठी, घर जगवण्यासाठी गेलेल्या माणसाला त्याची शिक्षा कशाला?

ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी गावोगावच्या लेकी-सुना व नातवंडांकडील आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, डिस्चार्ज बुके (सैन्यातून मुक्त होताना मिळालेली सेवेची नोंदपुस्तके) आणि पत्रे स्कॅन करून मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत, आणि हे काम येत्या उन्हाळी सुट्टीतच, महाविद्यालयातील एनसीसी छात्रांच्या मदतीने सुरू करावे.

— एक वाचक, सातारा