अनुदान गाडीला की अर्थिंगला?

संपादक महोदय,

सरकारी मदत विजेच्या गाडीला हवी की इथेनॉल-बायोगॅसला, यावर सध्या हिरिरीने लिहिलं जातंय. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, पेट्रोलच्या गाडीवर १८ ते ४०. तिकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. म्हणजे एक मदत शोरूममध्ये मिळते, दुसरी डिस्टिलरीला. खान्देशात अडतं ते भलतीकडेच.

गाडी घरी आली की रात्री १५ अँपिअरच्या पिनेवर लागते. ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास. इस्त्री थोडा वेळ चालते आणि बंद होते. इथे पूर्ण करंट रात्रभर वाहतो. सॉकेटची पकड सैल असेल तर तिथेच ते तापतं, पिवळं पडतं, वितळतं. गावात व्होल्टेज १८० वर उतरलं की करंट तेवढाच राहतो, पॉवर मात्र ३.३ ऐवजी २.७ किलोवॅट मिळते आणि सकाळी बॅटरी अर्धवट.

खरी गोम अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, मातीने खड्ड्यात पुरलेला धातूचा इलेक्ट्रोड सोडला की रोध वाढतो. चार्जरला अर्थ सापडत नाही, लाल दिवा लागतो. मग कुणीतरी हुशारी करून सॉकेटमध्येच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ जोडून देतो. चार्जर सुरू होतो खरा, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतून जे काम झालं असतं, त्यासाठी हा जीवघेणा उद्योग!

घरी सुरक्षित चार्जिंगसाठी लागतं ते इतकंच : मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला तुटणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. सूर्यघर योजनेत छतावरच्या ३ किलोवॅटच्या सौर पॅनलला ७८ हजारांचं अनुदान आहेच, आणि पॅनलसाठी अर्थिंगचा खड्डा तसाही खणावा लागतो. चार्जिंगची लाइन त्याच फायलीत घाला. अर्थिंगची मोजणी मात्र मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये कुठलाही खड्डा पास होतो.

आता इथेनॉलचा मका. एका क्विंटलपासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघतं. त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे २५ लिटर पेट्रोल धरा. लिटरला १५ किलोमीटरने गाडी ३७५ किलोमीटर जाईल. तेवढ्याच अंतराला विजेच्या गाडीला, युनिटमागे ७ किलोमीटर धरले तर, ५४ युनिट लागतात. ती छतावरचं एक किलोवॅटचं पॅनल दोन आठवड्यांत देतं. चोथा पशुखाद्यात परत येतो हे खरं, पण क्विंटलमागे तीसेक किलोच. नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांनी कमी पडलेल्या सत्तर किलोंच्या जागी काय खायचं?

म्हणून जैवइंधन नकोच, असं नाही. सावदा-रावेरहून दिल्लीकडे निघालेला केळीचा ट्रक बॅटरीवर धावायला अजून अवकाश आहे. तिथे बायोगॅस हवा, आणि त्याचा कच्चा माल, केळीची खोडं, बांधावरच पडलाय. पाच बाय पाच फुटांवर एकरात १७४० झाडं; घड उतरला की खोड टाकून द्यायचं, एकरी २५ टनांच्या पुढे. अडचण अशी की त्यात नव्वद टक्के पाणी. दहा टनांची ट्रॉली प्लँटवर नेली की नऊ टन पाण्याचं डिझेल जाळलं. शिवाय लांब धागे टाकीतल्या ढवळणीला गुंडाळतात आणि मोटर जळते. खोड बांधावरच पिळून, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून नेलं तर दोन्ही प्रश्न सुटतात. रस शेताला जातो. निघालेल्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आणि ओल काढल्याशिवाय तो सिलिंडरमध्ये भरू नये, आतून गंज धरतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मात्र या टाकीत घालू नका. तिच्यातलं लिग्निन जिवाणूंना पचत नाही. तिचा पांढरा कोळसाच (भुसा दाबून केलेल्या जळाऊ विटा) बरा.

गॅस कंपन्यांवर बायोगॅस मिसळण्याचं बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून सुरू झालं, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के होईल. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आहे. प्लँटला मदत द्याच, पण खोड पिळण्याच्या आणि कापण्याच्या यंत्रालाही द्या, ट्रॅक्टरला जोडता येईल असं, आणि गावातल्या शेतकरी गटाच्या नावाने.

– एक विद्युत तंत्रज्ञ, भुसावळ