टॉय लायब्ररीत तपासणी हवीच

महोदय,
लहान मुलांच्या पालकांना टॉय लायब्ररीचा, म्हणजे पुस्तकांसारखी खेळणी घरी न्यायला देणाऱ्या लायब्ररीचा, फार मोठा आधार असतो, पण अनेक लायब्ऱ्या उत्साहात सुरू होतात आणि लवकरच बंद पडतात. बहुतेकदा कारण साधं असतं: परत आलेलं खेळणं तपासायला ठरलेला माणूसच नसतो. एक तुकडा हरवला की कोडं अपुरं, आणि दोनदा असं झालं की पालक येईनासे होतात. म्हणून प्रत्येक पिशवीवर आतल्या सुट्या भागांचा फोटो आणि संख्या लावावी. मोजणी पालकांसमोरच करावी. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नयेत, बुरशी धरते.

3 वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. सुटा भाग धोकादायक इतका लहान आहे का, हे तपासायची नळी 31.7 मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यात पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो. बटण सेल, म्हणजे बटणासारखा चपटा गोल सेल, तर त्याहून घातक. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. सेलच्या कप्प्याचं झाकण स्क्रूने बंद असेल तरच ते खेळणं द्यावं. नुसत्या बोटाने उघडत असेल तर ते बाजूलाच काढावं.

पालकांना एकमेकांचाही आधार मिळावा म्हणून खेळण्यांच्या देवाणघेवाणीच्या वेळेलाच आठ-दहा पालकांची तासभर बैठक घेता येते. मुलं त्याच खोलीत खेळू द्यावीत. त्यांना सांभाळायची सोय नसेल, तर घरी मदतीला कोणी नसलेले पालकच गैरहजर राहतात, आणि खरी गरज त्यांनाच असते.